माणशी पाणी

१

आमच्या घराला नळ एक आणि चुली तीन. खाली समोरच्या खोल्यांत मी आणि वच्छला, मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू पंजाबराव, आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू, जे कोणी असतील ते. विजेचं भांडण मी प्रत्येकाला वेगळं मीटर लावून मिटवलं. पाण्याला तसं करता येत नाही. टाकी समाईक, मोटर समाईक, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही त्याची मर्जी असेल तर. मधल्या दिवसांत टँकर. म्हणून नळपट्टी, टँकर, मोटरची वीज असं सगळं एकत्र करायचं आणि माणशी वाटायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत. जितकी डोकी तितके हिस्से.

रीत सोपी वाटते, पण डोकं म्हणजे काय हे ठरवण्यात माझी बरीच वर्षं गेली. पाच वर्षांखालचं पोर अर्धं. पाहुणा आठवड्याच्या वर टिकला की पूर्ण. बाळंतपणाला आलेली मुलगी पूर्ण, बाळ माफ. सरकारी कचेरीत बडे बाबू म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असले नियम करायला सांगावं लागत नाही.

नियम इतके बारीक करावे लागले, कारण भाडेकरू माणसं लपवतात. एका बिऱ्हाडानं अख्खा हिवाळा मेव्हणा लपवला होता. विचारलं तर म्हणाले, तो फक्त झोपायला येते. जणू झोपणाऱ्याला सकाळी पाणी लागत नाही. पंजाबराव तर दर महिन्याला स्वतःला अर्धं धरायला लावायचे. "बडे बाबू, मी पंधरा दिवस वावरात असतो. इथं राह्यते कोन, नुसतं माहं कुलूप." आम्ही भांडायचो आणि शेवटी पाऊण डोक्यावर तोड व्हायची.

म्हणून मार्चअखेरीस वरचा नवा भाडेकरू खाली आला आणि म्हणाला, "काकाजी, आमचे चार धरा," तेव्हा मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

वर तीन माणसं राहत होती.

२

नागसेन कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायचा. अमरावतीहून बदली मागून आलेला. बायको पायल आणि आई मैनाबाई. टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा मी ओट्यावर बसून मोजलं होतं: एक फ्रीज, एक कूलर, पुस्तकांची चार खोकी, तीन माणसं. मैनाबाईंच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अमरावतीत त्यांना मशीनवर नंबर मिळत नव्हता, इथे मिळाला. आमच्या घरापासून दवाखाना जवळ, म्हणून हेच घर हवं होतं. वर्षभरात त्यांचं हे चौथं घर. मी कारण विचारलं तर नागसेन म्हणाला, "पाण्यावरून भांडणं व्हायची." मला ते पटलं. पाण्यावरून भांडत नाही तो माणूस वऱ्हाडातला नव्हे.

"चौथं कोण?" मी विचारलं.

"असते एक," तो म्हणाला. फळा पुसून झाल्यावर मास्तर पुसतात तसे त्यानं हात रुमालाला पुसले. "तुमी चार धरा ना."

वच्छलानं लगेच निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी ती कैरीचं लोणचं घेऊन वर गेली आणि तोंड पाडून खाली आली.

"तसं काई नाई म्हनते पायल."

"मग?"

"मग काय मग. लोनचं ठेवून घेतलं तिनं."

पंजाबराव मात्र खूश होते. हिस्से वाढले की प्रत्येकाचा वाटा उतरतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "देऊन राह्यला तर घ्या ना, बडे बाबू. तुमाले काहून चौकशा पाह्यजेत?"

त्या महिन्याला मी चार धरले, पण चौकशा मला हव्या होत्या. आयुष्यभर मी लोक आकडा कमी का सांगतात याचा अभ्यास केला. वाढवून सांगणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. जिन्याखाली चपला तीन जोड. दोरीवर कपडे तिघांचे. दूधवाला जेवढं दूध वर नेई तेवढ्यात तिघांचा चहासुद्धा जेमतेम व्हावा. मी रोज सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो आणि जिन्याकडे बघायचो. वच्छला म्हणायची, निवृत्तीनंतर लोक देवाले लागते, हे जिन्याले लागले.

३

एप्रिलमध्ये आमच्या गावात दुपार ही वेळ नसते, शिक्षा असते. घरोघरी कूलर. त्यांचा आवाज इतका की शेजारी मेला तरी संध्याकाळी कळतं. म्हणून वीज गेली की एकदम कान मोकळे होतात. शांतता कानात ओतल्यासारखी येते.

अशाच एका दुपारी वीज गेली. वच्छला जमिनीवर पातळ टाकून झोपली होती. नागसेन कॉलेजात. पायल मैनाबाईंना रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. मीच रिक्षा थांबवून दिली होती आणि पायलनं वरच्या दाराला कुलूप लावताना पाहिलं होतं.

वर कोणीतरी आंघोळ करत होतं.

मी आधी टाकीचा विचार केला. मग गळक्या तोटीचा. छतावरून आवाज कसे उलटे येतात, शेजारच्या बाथरूमचा आवाज आपल्या डोक्यावर कसा वाटतो, याचाही विचार केला. मी वाचणारा माणूस आहे. अशा वेळी काय काय विचार करायचे असतात ते मला माहीत आहे, आणि मी ते क्रमाने केले. मग चप्पल न घालता जिना चढलो. पायऱ्या तव्यासारख्या होत्या.

दाराला कुलूप होतं. मी कान लावला. आत मग बादलीत बुडाल्याचा आवाज आला. पाणी पडलं. थोडं थांबलं. पुन्हा मग बुडाला. गळकी तोटी सारखी गळते. इथे मधे थांबणं होतं, डोक्यावरून पाणी घेतल्यावर माणूस डोळ्यांवरचं पाणी निपटतो, श्वास घेतो, तेवढं. आणि पुन्हा पाणी. घाई नव्हती. बाहेर रांगेत कोणी उभं नाही याची खात्री असलेल्या माणसाची आंघोळ होती ती.

मी खाकरलो. तो माझा कचेरीतला खाकरा, समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसावा असा.

पाणी थांबलं. आत कोणीतरी खाकरलं. जरा नम्रपणे.

मी खाली आलो. वीज आली, कूलर सुरू झाला, आणि पुन्हा काही ऐकू येईनासं झालं. त्या दिवशी मला भीती वाटली नाही. भीतीपेक्षा हे कसं होतं हा प्रश्न मोठा होता. आत कोण आहे, आणि बाहेर कुलूप असताना कसं आहे. मला रात्रभर छान झोप लागली, हे आता सांगताना विचित्र वाटतं.

४

महिनाअखेरीला नागसेन पुन्हा आला. "चार धरा, काकाजी."

"एकदा घेतले, पण नसलेल्या माणसाचे पैसे मी घेत नाही."

"नसलेल्याचे मी कुठं देऊन राहिलो?"

तो बसला नाही. मी वच्छलाला चहा सांगितला तरी बसला नाही. "काकाजी, मी फिजिक्स शिकवतो. मी भूत मानत नाही, भगत मानत नाही, आमच्या घरात त्याचा फोटो नाही अन् त्याच्यासाठी लिंबू नाही. पाणी जाते. जे पाणी जाते त्याचे पैसे द्यावं लागते. माझ्याजवळ एवढंच आहे."

"पण कोण आहे ते?"

"मले काय माहीत. विचारलं नाही कधी." तो जरा हसला. "विचारलं अन् सांगितलं तर?"

मी म्हणालो, मी तीनच धरणार. नियम म्हणजे नियम.

आता त्याचा चेहरा उतरला. "मागच्या तिन्ही घरी हेच झालं. मालक म्हणाले, येडा आहे, तीनच धरा. चौथा धरला तोवर ते एकदा आंघोळ करते, गप राहते. नाही धरलं की त्याचं भागत नाही. मग टाकी पुरत नाही, मग घर खाली करा म्हणते." त्यानं वरच्या मजल्याकडे पाहिलं. "आईचा नंबर मोठ्या मुश्किलीनं लागला इथं. आता पुन्हा सामान बांधलं तर तिची ताकद नाही. पैसे देऊन राहिलो ना मी? चार धरा म्हणजे झालं. तुमचं काय जाते?"

माझं काही जात नव्हतं. नियमाचीही खरी गोष्ट अशी की पंजाबरावांना पाऊण धरणारा माणूस वरच्या बिऱ्हाडाला सहज चार धरू शकला असता. पण मला पाहायचं होतं. न धरल्यावर काय होतं ते.

"तीन," मी म्हणालो.

नागसेन चहा न पिता वर गेला.

५

मे महिन्यात टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी. मी प्लंबर बोलावला. त्यानं वरचे-खालचे नळ पाहिले, टाकीला चारी बाजूंनी थोपटलं आणि गळती नाही असं सांगून गेला. टँकर दुप्पट झाले. एका दुपारी पंजाबराव डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, कमरेला पंचा गुंडाळून माझ्या दारात उभे राहिले. फेस भुवयांवरून ओघळत होता.

"बडे बाबू, मी अर्धा मानूस हाव, मान्य. पन अर्ध्या मान्साचं डोकं तरी धुऊ द्या."

वच्छलानं माठातला तांब्या भरून दिला. डोकं धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "वरच्यायले काढा आता. लय झालं." वच्छलाही म्हणाली, पोरगं चांगलं आहे, पण पाण्यावाचून कसं निभवायचं. आणि माझ्या लक्षात आलं की आपण आता चौथे घरमालक होणार. नागसेनला घर खाली करा म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

मी वर गेलो तेव्हा ऊन खिडकीच्या गजांतून आत आलं होतं आणि वीज नव्हती. तिघंही समोरच्या खोलीत होते. नागसेन उत्तरपत्रिका तपासत होता, पायल गवार मोडत होती. मैनाबाई खाटेवर, सुजलेले पाय उशीवर ठेवून. त्यांच्या हातात छोटी वाटी होती. वाटीत घोटभर पाणी.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "बसा. पानी देल्लं असतं तुमाले, पन पाहा तुमी."

आतल्या बाजूला, न्हाणीघरात, कोणीतरी आंघोळ करत होतं.

मी तिघांना मोजलं. मग पुन्हा मोजलं. अशा वेळी माणूस दुसऱ्यांदा का मोजतो कोण जाणे. पाणी पडत होतं, थांबत होतं, पडत होतं. त्या तिघांनी तिकडे मान वळवली नाही. रस्त्यावरच्या लग्नाच्या बँडची सवय होते तशी त्यांना सवय झालेली दिसली.

"मले डॉक्टरनं दिवसाचं मोजून पानी सांगतलं," मैनाबाई म्हणाल्या. "या वाटीनं. जीभ टाळूले चिकटते, भाऊ. अन् तिकडं आयका." त्या रागावलेल्या नव्हत्या. शेजारणीच्या पोराबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. "घर खाली करा म्हनायले आले ना तुमी?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाणी थांबलं.

बादलीच्या तळाला मग घासल्याचा आवाज आला. खरड, खरड. तो आवाज आमच्या गावात तान्हं मूलही ओळखतं. पाणी संपलं. अंगाला साबण आहे, आणि पाणी संपलं.

न्हाणीघराचं दार वीतभर उघडलं आणि फटीतून एक हात बाहेर आला. हातात निळा प्लास्टिकचा मग, रिकामा, थोडा पुढे धरलेला.

आता पुढचं मी केलं, एवढंच सांगू शकतो. का केलं ते सांगता येत नाही, कारण त्यात का नव्हतंच. लहानपणापासून घरात कोणाचा ना कोणाचा असा हात बाहेर येतो: बाप, बहीण, बायको, पाहुणा. जो जवळ असेल तो उठतो, पिंपातून मग भरतो आणि तोंड वळवून हातात देतो. पाणी मागणारा कोण हे कोणी बघत नाही. उघड्या अंगाच्या माणसाकडे बघू नये म्हणून मुद्दाम बघत नाही. दारापाशी पिंप होतं. त्यात तळाला पाणी होतं. मी उठलो, मग घेतला, वाकून भरला, आणि तोंड वळवून दिला.

तोंड वळवलं तरी डोळ्यांच्या कडेला जेवढं दिसतं तेवढं दिसलं. बोटं पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. पण फार वेळ म्हणजे किती, याचा अंदाज त्या सुरकुत्यांवरून बांधवत नव्हता. मनगटामागे दाराआड अंधार. भर दुपारी, छताला झरोका असलेल्या न्हाणीघरात. माझ्या बोटांना ती बोटं लागली. ती गार नव्हती, गरम नव्हती. पिंपातल्या पाण्याइतकी होती.

दार लागलं. पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

मी वळलो तेव्हा तिघंही उभे होते. मैनाबाईसुद्धा, सुजल्या पायांवर.

"देल्लं तुमी?" त्यांनी विचारलं.

"मागितलं म्हणून दिलं."

"मागतलं म्हनूनच देते मानूस," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खाटेवर बसल्या. मला वाटलं, रडताहेत. नागसेन माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही. परीक्षेत शेजारच्याची चूक दिसते आणि सांगावं की नाही हे ठरत नाही, तेव्हा मुलांचे डोळे तसे होतात.

घर खाली करा हे मी बोललोच नाही. पायलनं पुढे होऊन न्हाणीघराचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशी कोरडी होती. साबणाच्या वडीला भेगा पडल्या होत्या.

६

त्यानंतर टाकी पुरू लागली. पंजाबरावांनी प्लंबरला श्रेय दिलं.

महिनाअखेरीला नागसेन खाली आला. या वेळी बसला. वच्छलानं चहा दिला, तो पूर्ण प्याला. कप खाली ठेवून त्याच्याकडेच बघत म्हणाला, "काकाजी, आमचे तीन धरा."

"तीन?"

"तीनच." मग हळूच, "आई दवाखान्यातून आली की आता झोपते दुपारची. लय दिवसांनी." आणि आणखी हळू, "घर सोडायचं काम नाही ना आमाले आता?"

"नाही," मी म्हणालो. "कशाला सोडता?"

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. तसं करणाऱ्यांतला तो नव्हता. मी काही बोलणार तोच तो घाईनं जिना चढून गेला. त्याच्या पावलांत मला सुटकेपेक्षा लाज जास्त ऐकू आली.

मी हिशेब मनातल्या मनात मांडत होतो. वर तीन, पंजाबराव पाऊण, आपले दोन.

"आपले तीन धरा," स्वयंपाकघरातून वच्छला म्हणाली.

मी दारात जाऊन उभा राहिलो. ती कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काहून?"

"काहून काय. तुमी दुपारचे घोरत असता. मीच देऊन राह्यली रोज पानी." तिनं कणकेवर बुक्की मारली. "पह्यल्या दिवशी मले वाटलं तुमीच हा आत. मग दिलं. मग समोरच्या खोलीत पाह्यलं तर तुमी झोपेल. आता काय, दिलं ते दिलं. धरा तीन, म्हंजे एकदाच लागन."

मी तीन धरले. पंजाबरावांना त्यांचा वाटा सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा बोटांवर मोजला. यंदा दुसऱ्यांदा त्यांचा वाटा न भांडता उतरला होता. "बडे बाबू," ते म्हणाले, "सोताचं डोकं वाढवून सांगनारा घरमालक मी अकोल्यातच काय, उभ्या वऱ्हाडात नाई पाह्यला." आणि खूश होऊन वावरात निघून गेले.

नागसेनला तीनदा घर बदलावं लागलं, असं मी सुरुवातीला दयेनं ऐकलं होतं. आता वाटतं, त्याला बदलता तरी येत होतं. भाडेकरू घर खाली करतो. घरमालकाला कोण काढणार, आणि काढलं तरी तो जाणार कुठे?

आज दुपारी वीज गेली. कूलर थांबला. वच्छला बाजूला बसून गहू निवडत होती. वरच्या मजल्यावर मैनाबाई झोपल्या असाव्यात, काही आवाज नव्हता. आमच्या न्हाणीघरात पाणी पडत होतं, थांबत होतं, पडत होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. मग पाणी थांबलं, आणि बादलीच्या तळाला मग घासला.

वच्छला सुपातून मान वर करणार होती. हात बाहेर यायच्या आधीच मी उठलो.